फीडर, फुलं आणि कोळ्याची जाळी: अंगणातल्या हमिंगबर्डविषयी वाचकांचे प्रश्न

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडात सापडतात, त्यामुळे यातले बहुतेक प्रश्न अमेरिकेत घर असलेल्या वाचकांचे आहेत. एकसारख्या शंका आम्ही एकत्र केल्या आहेत. फीडर म्हणजे पक्ष्यांसाठी टांगायचं साखरपाण्याचं भांडं. साखरपाणी आणि झाडं या दोन विषयांवर सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून तिथे उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : मागच्या जूनमध्ये मोठ्या हौसेने लाल फीडर आणून टांगला. महिनाभरात एकही हमिंगबर्ड फिरकला नाही. जागा चुकली की आमच्या भागात ते येतच नाहीत? (न्यू जर्सी)

येतात, पण तुमची वेळ चुकली. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला घरटी करणारा हमिंगबर्ड एकच, रुबी-थ्रोटेड. तो हिवाळा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढतो, फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर उतरतो आणि न्यू जर्सीत साधारण एप्रिलच्या मध्यापासून दिसू लागतो. न्यू इंग्लंड आणि ग्रेट लेक्सच्या बाजूला मेचा पहिला आठवडा उजाडतो. पहिले नर पोचतात तेव्हा फुलं जेमतेम उमलत असतात, म्हणून ते खाण्याच्या जागा शोधत फिरतात आणि सापडलेली जागा लक्षात ठेवतात. फीडर त्याआधी आठवडाभर टांगलेला हवा. तुमच्याकडे 10 एप्रिलच्या सुमारास टांगा.

जूनमध्ये माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात, नरांचे इलाके ठरलेले असतात, रानात फुलं भरपूर असतात. नव्या फीडरकडे वळायचं त्यांना कारण नसतं. तरीही तो काढू नका. जुलैच्या शेवटी पिल्लं उडू लागतात, उत्तरेकडचे पक्षीही खाली सरकू लागतात, आणि ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त गर्दी होते.

जागा अशी निवडा की वरून उडत जाणाऱ्याला फीडर दिसेल, दुपारी त्यावर सावली येईल आणि दहा-पंधरा फुटांवर बसायला एखादी बारीक फांदी असेल. हा पक्षी दिवसाचा बराच वेळ बसूनच काढतो. जाड डहाळीपेक्षा वाळकी, पानं नसलेली काडी त्याला आवडते, तेव्हा झुडुपाची छाटणी करताना अशा दोन-चार काड्या मुद्दाम ठेवा.

प्रश्न : साखर पांढरी आणि निःसत्त्व, म्हणून मी गुळाचं पाणी करून ठेवते. मैत्रीण मध घालते. दुकानातलं लाल पाणी चांगलं का? नेमकं प्रमाण सांगाल का? (ह्यूस्टन)

गूळ आणि मध दोन्ही आजच बंद करा, अगदी आग्रहाने सांगतो. हमिंगबर्डसाठी योग्य आहे ती फक्त साधी पांढरी साखर. फुलातला मकरंद म्हणजे मुख्यतः पाण्यात विरघळलेली साखरच असते, आणि प्रथिनं, क्षार वगैरे हा पक्षी किड्यांतून मिळवतो. गूळ, ब्राउन शुगर, तांबूस दिसणारी ‘रॉ’ किंवा ऑरगॅनिक साखर या सगळ्यांत काकवीचा अंश असतो आणि काकवीत लोह असतं. हे लोह त्याच्या शरीरात साठतं आणि अपाय करतं. पाण्यात कालवलेला मध लवकर आंबतो आणि त्यात बुरशी फोफावते. पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च मिसळलेला असतो, तोही नको. साखरेऐवजी वापरायच्या कृत्रिम गोळ्या-पावडरी तर घातकच, कारण त्यात ऊर्जाच नसते. पक्षी पोट भरून पितो आणि उपाशी राहतो.

प्रमाण मापाने घ्यायचं, वजनाने नाही: एक कप साखर, चार कप पाणी. पहिल्याच वर्षी एवढं करू नका. पाव कप साखर आणि एक कप पाणी सुरुवातीला पुष्कळ होतं. पाणी गरम करून गॅस बंद करा, साखर घाला, दाणा उरणार नाही इतकं ढवळा आणि पूर्ण गार झाल्यावर भरा. पाणी उकळलंच पाहिजे असं नाही. साखर घालून बराच वेळ उकळत ठेवलं तर पाणी आटतं आणि मिश्रण घट्ट होतं. उरलेलं झाकून फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. घरात मिठावर चालणारा वॉटर सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) असेल तर त्याचं पाणी न घेता साधं पाणी घ्या.

रंग अजिबात नको. लाल रंगाची खूण फीडरच्या झाकणावर असली की पुरते, पाणी लाल असण्याची गरज नाही. दुकानातलं तयार लाल पाणी म्हणजे साखर, पाणी आणि पक्ष्याला नको असलेला रंग. पैसे वाचवा.

प्रश्न : फीडरच्या भोकांभोवती काळे ठिपके आलेत. पाणी मात्र अर्धं शिल्लक आहे. संपल्यावर धुतला तर चालेल ना? (अटलांटा)

चालणार नाही. ‘संपल्यावर धुऊ’ या सवयीने जेवढं नुकसान होतं तेवढं दुसऱ्या कशाने होत नसेल. काळे ठिपके म्हणजे बुरशी. पाणी गढूळ दिसलं, त्यात पांढरे धागे तरंगताना दिसले किंवा आंबूस वास आला, की ते त्याच क्षणी ओतून द्यायचं.

किती दिवसांनी बदलायचं ते बाहेरच्या तापमानावर ठरतं. पारा 70 अंश फॅरनहाइटच्या घरात असेल तर पाच-सहा दिवस चालतं. 80 च्या घरात गेला की तीन-चार दिवस. 90 ओलांडले की रोज. म्हणूनच आम्ही लहान फीडर घ्यायला सांगतो. मोठी बाटली भरली की ओतून द्यायला जीव होत नाही आणि शिळं पाणी तसंच लटकत राहतं. मोठी बाटली आधीच घेतली असेल तर ती दोन बोटं भरा.

दर वेळी गरम पाणी आणि ब्रश पुरे. बाटलीला लांब ब्रश आणि भोकांना दात घासायचा जुना मऊ ब्रश किंवा पाइप-क्लीनर लागतो. भोकांच्या आतली कड बोट घालून दिसत नाही, बुरशी तिथेच सुरू होते. काही दिवसांनी एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग गरम पाणी यात फीडर तासभर बुडवून ठेवा. काळे डाग पडलेच असतील तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून, वाहत्या पाण्याखाली वास जाईपर्यंत धुवा आणि पूर्ण वाळवा. व्हिनेगर आणि ब्लीच चुकूनही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

वेळच्या वेळी धुणं जमणार नसेल तर फीडर न टांगणं बरं. फुलझाडं लावा, ती स्वतःचा मकरंद रोज ताजा करतात.

प्रश्न : फीडर सतत गळतो. मग मुंग्या, मग गांधीलमाश्या. पक्षी कंटाळून निघून जातो. (डॅलस)

तिन्हींचं मूळ बहुतेक एकच आहे. तुमचा फीडर उलट्या बाटलीचा दिसतो. बाटलीच्या वरच्या भागातली हवा उन्हाने तापते, फुगते आणि पाणी खाली ढकलते. बाटली जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त, तितकी गळती जास्त. सावलीत टांगा, रबरी वायसर झिजलाय का पाहा. त्याहून चांगलं म्हणजे बशीसारखा उथळ फीडर घ्या. त्यात पाणी भोकांच्या खाली असतं, त्यामुळे गळत नाही. हमिंगबर्डची जीभ सहज पोचते, गांधीलमाशीची पोचत नाही.

मुंग्यांसाठी फीडरच्या वर अडकवायची पाण्याची छोटी वाटी मिळते. बशी फीडरमध्ये पुष्कळदा मध्यभागीच तसा खळगा असतो. त्यात साधं पाणी भरा आणि उन्हाळ्यात रोज पाहा, कारण ते वाळलं की मुंग्या पुन्हा हजर. तारेला तेल, ग्रीस किंवा व्हॅसलिन लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते पिसांना लागलं तर पक्ष्याला काढता येत नाही.

गांधीलमाश्यांना पिवळा रंग खेचतो. भोकांवर पिवळी प्लास्टिकची फुलं असतील तर काढून टाका. फीडर चार-पाच फूट सरकवा. माश्या जुन्याच जागी घिरट्या घालत राहतात, पक्षी मात्र नवी जागा लगेच शोधतो. तेवढ्याने भागलं नाही तर काही दिवस पाच कप पाण्याला एक कप साखर असं पातळ मिश्रण ठेवा. फवारा मारू नका.

फीडरवर हिरवा, लांबट, हात जोडून बसलेला खंडोबाचा किडा, म्हणजे प्रेइंग मँटिस, दिसला तर मात्र दुर्लक्ष करू नका. मोठा मँटिस हमिंगबर्डला पकडून खाऊ शकतो. त्याला काठीवर घेऊन बागेच्या दुसऱ्या टोकाला सोडा.

प्रश्न : एकच नर दिवसभर पहारा देतो आणि बाकीच्या सगळ्यांना हाकलतो. (शार्लट)

तो त्याचा स्वभाव आहे. रानात तो फुललेली झाडी अशीच राखतो. दुसरा फीडर लावा, पण असा की एका जागेवरून दोन्ही दिसणार नाहीत. एक घरापुढे, एक मागे. ऑगस्टमध्ये पक्षी वाढले की उलटही करता येतं. तीन-चार लहान फीडर जवळजवळ टांगले की एकाला सगळं राखणं जमत नाही आणि तो नाद सोडतो.

प्रश्न : लाल जिरेनियम आणि पेट्युनिया लावले, पण हमिंगबर्ड येऊन लगेच जातात. कोणती झाडं लावावीत? आम्हाला अंगण आहे, धाकट्या बहिणीला शिकागोत फक्त बाल्कनी. (रॉली)

लाल रंग पाहून ते आले, मकरंद फारसा मिळाला नाही म्हणून गेले. हमिंगबर्डची फुलं बहुधा लांब नळीसारखी, आडवी किंवा खाली झुकलेली आणि बिनवासाची असतात. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही आणि हमिंगबर्ड वासावर येत नाही. रंग लालच हवा असंही नाही. ‘ब्लॅक अँड ब्लू’ नावाचा साल्व्हिया गडद निळा असतो आणि त्यावर त्यांची रीघ लागते.

खरं कौशल्य आहे ते एप्रिल ते ऑक्टोबर काहीतरी फुललेलं ठेवण्यात. पूर्वेकडच्या अंगणासाठी आमची पसंती अशी. सुरुवात रानटी लाल कोलंबाइनने, अक्विलेजिया कॅनडेन्सिसने करा. पहिले नर पोचतात तेव्हाच ते फुलतं आणि अर्ध्या सावलीत तग धरतं. त्याच्या जोडीला कुंपणावर कोरल हनीसकल. इथे जपून. नर्सरीत हनीसकल नावाने जपानी वेलही विकतात, ती रानात पसरून बाकीची झाडं मारते. तुम्हाला हवी ती लोनिसेरा सेम्परव्हायरेन्स. ओळखायची खूण सोपी आहे: फुलांच्या गुच्छाच्या लगेच खालची दोन पानं एकमेकांना चिकटून एकच गोल पान झालेलं असतं आणि देठ त्याच्या मधून आरपार गेलेला दिसतो. जपानी वेलीची पानं सुटी असतात, फुलं पांढरी-पिवळी आणि सुवासिक.

जून-जुलैसाठी लाल बी-बाम, म्हणजे मोनार्डा. दाटीने लावला तर पानांवर भुरी येते, म्हणून दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर ठेवा आणि दर दोन-तीन वर्षांनी गड्डे उपटून वाटून लावा. ‘जेकब क्लाइन’ हा वाण भुरीला सहसा बळी पडत नाही. जुलैअखेरपासून कार्डिनल फ्लॉवर. त्याला पायाशी ओल लागते, छताच्या पन्हळीचं पाणी पडतं ती जागा उत्तम. मूळ झाड फार वर्षं जगत नाही, बी पडून पुढची रोपं येतात. थंडीत जमिनीलगत पानांचा हिरवा चक्र राहतो, त्यावर पालापाचोळा किंवा मल्च टाकलात तर तो कुजतो आणि पुढच्या वर्षी झाड दिसत नाही. हे झाड ‘गेलं’ अशी तक्रार येते तेव्हा कारण पुष्कळदा हेच निघतं.

अंगणाच्या कडेला ओढा किंवा ओलसर सावली असेल तर ज्युएलवीड उपटू नका. तो आपल्या तेरड्याच्याच कुळातला आहे, बोंडं तशीच हात लावताच फुटतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडे निघालेले पक्षी त्याच्या नारिंगी फुलांवर तुटून पडतात. ट्रम्पेट क्रीपर मात्र विचार करून लावा. पक्ष्यांना आवडतो यात शंका नाही, पण मुळांतून दूरदूर फुटवे काढतो आणि भिंतीच्या फटीत घुसतो. घरापासून लांब, भक्कम खांबावरच.

बाल्कनीसाठी: बारा इंच किंवा मोठी कुंडी, तळाला भोक, आणि साल्व्हिया कॉक्सिनिया. बियांपासून सहज येतो आणि दहिवर पडेपर्यंत फुलतो. फुलं गळालेले तुरे खुडत राहा. एकेक रोप वेगळ्या कुंडीत ठेवण्यापेक्षा एकाच जातीची तीन रोपं एकत्र लावा, वरून ठळक दिसतात.

टेक्सासमधल्या वाचकांनी टर्क्स कॅप लावावा. जास्वंदीचा नातेवाईक, लाल फूल मिटल्यासारखंच राहतं, झाडाखालच्या सावलीत आणि कडक उन्हाळ्यातही टिकतो. कॅलिफोर्नियात हिवाळ्यात फुलणारा राइबीस स्पेशिओसम, वसंतात हमिंगबर्ड सेज आणि ऑगस्टनंतर कॅलिफोर्निया फ्युशिया, एवढ्यात वर्षाचा बराच भाग निघतो. राइबीसची पानं उन्हाळ्यात गळतात. झाड मेलं समजून पाणी ओतू नका, त्याने ते खरंच मरेल.

रोपं घेताना त्यांवर निओनिकोटिनॉइड कीटकनाशक वापरलंय का हे नर्सरीत विचारा. ते झाडाच्या रसातून मकरंदात उतरतं.

प्रश्न : डासांसाठी अंगणात फवारणी करून घेतो. हमिंगबर्डला त्याचा त्रास होतो का? (मेरीलँड)

होतो, आणि दुहेरी. या पक्ष्याला आपण मकरंद पिणारा समजतो, पण चिलटं, मावा, बारीक माश्या आणि कोळी हे त्याचं रोजचं अन्न आहे. पिल्लं तर प्रामुख्याने त्यावरच वाढतात. फवारणी करणाऱ्याला डास आणि चिलटं वेगळी काढता येत नाहीत. डासांसाठी साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा उपडं करणं जास्त उपयोगी.

पोर्चच्या कोपऱ्यातली कोळ्याची जाळीही निदान मार्च ते जुलै झाडूने काढू नका. मादी तोच धागा चोचीला गुंडाळून घरट्यासाठी नेते. पिकून काळी पडलेली केळ्याची सालं जाळीच्या टोपलीत फीडरपासून थोड्या अंतरावर टांगली तर त्यावर चिलटं जमतात आणि पक्षी हवेतल्या हवेत ती टिपतो. हे बघायला फीडरपेक्षाही मजा येते.

प्रश्न : दारावरच्या दिव्यांच्या माळेवर घरटं झालंय. आई तासन्‌तास दिसत नाही, पिल्लं एकटी आहेत. साखरपाणी पाजू का? घरटं आत घेऊ का? (सॅन होजे)

दोन्ही नको. तुमच्याकडचा पक्षी बहुधा अ‍ॅनाज हमिंगबर्ड. तो वर्षभर तिथेच राहतो आणि डिसेंबर-जानेवारीतच घरटं करायला घेतो. अर्ध्या अक्रोडाएवढी ती वाटी मऊ कापसासारख्या तंतूंची असते, बाहेरून दगडफुलाचे कपचे लावलेले, आणि सगळं कोळ्याच्या धाग्याने बांधलेलं. धागा ताणतो, त्यामुळे पिल्लं वाढतात तसं घरटंही रुंदावतं. अंडी दोन. ती उबवायला दोन ते अडीच आठवडे आणि पिल्लं उडायला आणखी सुमारे तीन आठवडे लागतात. सगळं काम मादी एकटी करते.

पिल्लांना पिसं फुटू लागली की आई दिवसा घरट्यावर बसणं थांबवते. येते, काही सेकंदांत भरवते, जाते. तुम्ही फोनकडे पाहिलंत तेवढ्यात ती येऊन गेलेली असते. लांब बसून सलग एक तास नजर न हलवता पाहा. पिल्लं गप्प असणं ही चांगली खूण आहे. ती दहा मिनिटांहून जास्त वेळ सतत चिवचिवत असतील तर काहीतरी बिघडलंय. तेव्हा परवानाधारक वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन करा. नुसत्या साखरपाण्यावर पिल्लं वाढत नाहीत, आणि ते पिसांना चिकटलं की नुकसान होतं.

घरटं हलवणं 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली गुन्हा आहे. माळेचे दिवे महिनाभर बंद ठेवा, दाराची ये-जा चालू राहिली तरी तिला सवय होते. पिल्लू खाली पडलं आणि धडधाकट असेल तर अलगद उचलून परत ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून आई टाकत नाही.

प्रश्न : कडाक्याच्या थंडीत पहाटे फीडरला एक पक्षी उलटा लटकलेला दिसला. मेलाय असं वाटलं. (सिएटल)

तो गाढ सुप्तीत होता. तीनेक ते पाच ग्रॅमचा हा पक्षी रात्रभर शरीर गरम ठेवू लागला तर साठवलेली ऊर्जा पुरणार नाही, म्हणून तो शरीराचं तापमान खूप खाली आणतो आणि हृदयाचे ठोके अगदी मंद करतो. जागं व्हायला वीस मिनिटांपासून तासभरही लागतो. हात लावू नका, घरात आणू नका. उजाडून बराच वेळ झाला तरी हालचाल नसेल किंवा तो खाली पडला तरच छोट्या हवेशीर खोक्यात ठेवून पुनर्वसन केंद्राला विचारा.

जागं झाल्यावर त्याला लगेच पिण्याजोगं साखरपाणी लागतं, आणि नेमकं तेव्हाच फीडर गोठलेला असतो. रात्री तो आत घ्या आणि उजाडायच्या आधी बाहेर टांगा, किंवा दोन फीडर ठेवून अदलाबदल करा. बशीखाली जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावूनही काम होतं. एलईडीचा उपयोग नाही, तो उष्णता देत नाही. प्रमाण एकास चारच ठेवा. फार थंडीत एकास तीन चालेल, त्याहून घट्ट नको.

प्रश्न : गॅरेजमध्ये घुसलेला हमिंगबर्ड छताला धडका देत राहतो, दार सताड उघडं असूनही बाहेर जात नाही. काय करायचं? (फिनिक्स)

घाबरलेला हमिंगबर्ड वर उडतो, खाली नाही, म्हणून उघडं दार त्याला दिसत नाही. आतले दिवे बंद करा, दार पूर्ण वर करा, फीडर उंबऱ्यावर, प्रकाशाच्या बाजूला टांगा आणि स्वतः बाहेर व्हा. दमून खाली बसला तर हलक्या मुठीत धरून चोचीशी फीडरचं भोक धरा. प्याला की बाहेर तळहात उघडा.

आणि पुन्हा येऊ नये म्हणून: दाराच्या मोटरीला लोंबणारी आणीबाणीची मूठ लाल असते ना? तो ती फूल समजून आत येतो. तिला काळी टेप गुंडाळा.

प्रश्न : नर म्हणून फोटो काढला, तर गळा काळाच दिसतो. आणि बी-बामवर हमिंगबर्डचं इवलंसं पिल्लू आलं होतं, ते काय? (ओहायो)

गळ्याचा लाल हा रंगद्रव्याचा नाही. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा तो रंग आहे, म्हणून पक्ष्याने मान वळवली की तो लाल होतो आणि परत काळा. सूर्य तुमच्या पाठीशी हवा. मादीचा गळा पांढरा, शेपटीच्या टोकांना पांढरे ठिपके. ऑगस्टमध्ये पांढऱ्या गळ्यावर एखादं-दुसरं लाल पीस दिसलं तर तो याच वर्षीचा नर. फोटोत पंख स्थिर दिसायला हवे असतील तर कॅमेऱ्याचं शटर 1/2000 सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. त्याचे पंख सेकंदाला सुमारे पन्नास वेळा हलतात.

उडणारं पिल्लू आकाराने आईएवढंच असतं. तुम्ही पाहिलं ते पतंग, क्लिअरविंग हॉकमॉथ. डोक्यावर मिशा आणि पोटाखाली सहा पाय दिसतील.

प्रश्न : मुलगी अमेरिकेतून हमिंगबर्डचा फीडर आणणार आहे. आमच्या अबोलीवर येणारे इवले चमकदार पक्षी हमिंगबर्डच ना? (नाशिक)

नाहीत, ते शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. तुमच्याकडे जांभळा आणि पंचरंगी हे दोन सहज दिसतात. हमिंगबर्ड आणि शिंजीर यांचं काम तेच असलं तरी नातं जवळचं नाही. शिंजीर शक्यतो फांदीला धरून मकरंद पितो, हवेत थांबणं त्याला क्षणभरच जमतं. फीडरची त्याला गरज नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात साखरपाणी दिवसभरात आंबतं. अबोली आहेच, जोडीला जास्वंद लावा आणि औषध फवारू नका. लोंबत्या फांदीवर किंवा दोरीवर जळमटासारखं, पालापाचोळा अडकल्यासारखं काही दिसलं तर ओढून काढण्याआधी बाजूने बघा, वरच्या अंगाला छोटं दार असेल तर ते त्याचं घरटं आहे.

प्रश्न : फीडर वेळेत काढला नाही तर पक्षी दक्षिणेला जायचे राहतात असं शेजारी म्हणतात. (पेनसिल्व्हेनिया)

तसं होत नाही. निघायची वेळ दिवसाच्या लहानमोठ्या होण्यावर ठरते, खाण्यावर नाही. प्रौढ नर ऑगस्टमध्येच निघू लागतात, माद्या आणि त्या वर्षीची पिल्लं मागाहून, तुमच्याकडे सप्टेंबरअखेरपर्यंत. निघण्याआधी ते चरबी साठवून वजन जवळजवळ दुप्पट करतात, कारण त्यांतले बरेच मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात, सुमारे 800 किलोमीटर. अशा वेळी उशिरा आलेल्या अशक्त पिल्लाला तुमचा फीडर उपयोगी पडतो.

शेवटचा पक्षी दिसल्यावर आणखी दोन आठवडे तो ठेवा, पाणी बदलत राहा. नोव्हेंबरमध्येही कुणी आलं तर नीट पाहा. पश्चिमेकडचा तांबूस रुफस हमिंगबर्ड शरदात वाट वाकडी करून पूर्वेकडे येतो. फोटो काढून तारखेसह ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा, आणि तो असेपर्यंत फीडर गोठू देऊ नका.